जुन्या गाडीचे मीटर आणि आपली पत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही कर्जतच्या चार फाट्याजवळ एका गॅरेजवर बसलो होतो. गाडीच्या वायरिंगचे काम होईपर्यंत चहा आला, गप्पा निघाल्या. तेवढ्यात एक गृहस्थ आपली इको गाडी घेऊन आले. त्यांनी कारागिराला बाजूला घेतले आणि हळू आवाजात काही सांगितले. कारागीर पंचविशीतला तरुण, हाताला हुशार. त्याने नुसती मान हलवली आणि ‘उद्या बघू’ म्हणून त्यांना वाटेला लावले. काय काम होते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘चाचा, मीटर मागे करायचं होतं. एक लाख बेचाळीस हजार चाललीय, अडुसष्टवर आणून द्या म्हणत होते.’ मग थोडा वेळ थांबून त्याने आम्हालाच सवाल केला, ‘मी नाही केलं तर खोपोलीत दुसरा कोणी करेल. आणि मी तर फक्त आकडा बदलणार, गाडी विकणारा वेगळाच. यात माझा गुन्हा काय?’

सवाल साधा होता, पण आम्हाला त्या वेळी पटकन उत्तर देता आले नाही. ‘वाईट काम आहे’ एवढेच बोलून आम्ही उठलो. घरी आल्यावर मात्र वाटले की, हा सवाल एकट्या त्या मुलाचा नाही. आमच्या वाचकांत गॅरेजवाले आहेत, ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, डेंटिंग-पेंटिंगवाले, सीट कव्हर शिवणारे, टायरवाले आहेत. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारेही आहेत आणि पोटासाठी जुनी गाडी घेऊन माल किंवा प्रवासी वाहणारेही आहेत. मीटर मागे फिरवण्याचा धंदा या सगळ्यांना कुठे ना कुठे शिवतो. म्हणून या विषयावर सविस्तर लिहिण्याचे आम्ही ठरवले.

हा धंदा चालतो कसा?

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मुंबई आणि पुण्याच्या मधोमध आहेत. दोन्ही शहरांतील वापरून झालेल्या गाड्या आपल्याकडे येतात. फार्महाऊसवाल्याला कामासाठी एक जुनी जीप लागते, भाजीवाल्याला व बेकरीवाल्याला व्हॅन लागते, नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत प्रवासी नेणाऱ्याला टॅक्सी लागते, पाताळगंगा आणि खोपोलीच्या कारखान्यांत कामगार पोहोचवणाऱ्याला मोठी गाडी लागते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनीच घेतली जाते. दिल्लीकडच्या गाड्याही येतात. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली आणि तेव्हापासून अशा गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या.

जुनी गाडी घेणारा सर्वांत आधी दोन गोष्टी विचारतो: साल कोणते आणि चालली किती? साल आर.सी. बुकावर छापलेले असते. ते बदलता येत नाही. चालली किती, हे मात्र आर.सी.वर नसते. ते फक्त गाडीचे मीटर सांगते. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवतानाही मुख्यतः वयच पाहतात. म्हणजे सरकारी कागद साल मोजतो, बाजार किलोमीटर मोजतो आणि या दोहोंच्या मधली जी मोकळी जागा आहे, तिथे हा धंदा उभा आहे.

पूर्वी फियाट, अँबेसेडर, मारुती ८०० यांच्या मीटरला गिअरबॉक्समधून एक केबल यायची. ती फिरली की आकड्यांची चाके फिरत. केबल सोडून ठेवली की मीटर थांबायचे. जुन्या मीटरला पाचच आकडे असल्याने लाखानंतर ते आपोआप शून्यावर येई आणि एक लाख तीस हजार चाललेली गाडी तीस हजारांची म्हणून खपून जाई. नंतर डिजिटल मीटर आले, तेव्हा लोकांना वाटले की आता ही लबाडी बंद होईल. झाले उलटे. डिजिटल मीटरमध्ये चाके नाहीत. चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरकडून खुणा येतात आणि एकूण आकडा मीटरमधल्या एका लहानशा मेमरी चिपमध्ये साठवला जातो. आकडा साठवलेला असेल तर तो यंत्राने बदलताही येतो. पूर्वीच्या मीटरमध्ये हात घातला की आकडे वाकडेतिकडे बसत आणि जाणकाराच्या नजरेस पडत. डिजिटलमध्ये वरून काहीच दिसत नाही.

पण एक गोष्ट हे काम करवून घेणाऱ्यांना ठाऊक नसते. बऱ्याच नव्या गाड्यांत हा आकडा केवळ मीटरमध्ये राहत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आणि इतर भागांतही तो किंवा त्याच्याशी निगडित नोंदी राहतात. मीटरमध्ये अडुसष्ट हजार आणि इंजिनाच्या नोंदीत एक लाख चाळीस हजार, असे पुढच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावताच उघड होऊ शकते. म्हणजे चोरी करताना आपल्या नावाची चिठ्ठी तिथेच टाकून येण्यातला हा प्रकार आहे.

नुकसान कोणाचे?

‘आकडा बदलल्याने गाडी बिघडते थोडीच?’ असे म्हणणारे भेटतात. आम्ही म्हणतो, गाडी बिघडते. ताबडतोब बिघडत नाही, इतकेच. मोटारीची सगळी देखभाल किलोमीटरवर ठरलेली असते. ऑइल, फिल्टर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, गिअर ऑइल या सगळ्यांची मुदत किलोमीटरमध्ये आहे. जुन्या डिझेल इनोव्हाच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. मीटर मागे असेल तर नव्या मालकाला वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. त्या खर्चात गरीब टॅक्सीवाल्याचा वर्षाचा नफा जातो.

हे पैशाचे झाले. जिवाचे काय? आपला मुलूख घाटाचा आहे. एका बाजूला बोरघाट, दुसऱ्या बाजूला नेरळ ते माथेरानचा चढ. घाटातला एक किलोमीटर ब्रेकला आणि क्लचला सपाटीच्या कित्येक किलोमीटरांएवढा पडतो. दीड लाख चाललेल्या गाडीला सत्तर हजारांची समजून आठ माणसे भरून कोणी घाट उतरत असेल, तर त्या आकड्याने त्याला सावध करण्याऐवजी गाफील केलेले आहे. अपघात झाल्यावर पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी’ एवढेच लिहिले जाईल. मीटर कोणी फिरवले, ते कुणी विचारणारही नाही. पण ज्याने फिरवले, त्याला ते माहीत असेल.

नुकसान व्यापाऱ्याचेही आहे, हे आम्ही आवर्जून सांगतो. जुन्या गाडीचा व्यापारी पुष्कळदा स्वतःच पहिला फसतो. मुंबईहून किंवा पुण्याहून आणलेल्या गाडीचे मीटर आधीच मागे फिरलेले असते आणि त्याने त्याच आकड्याचे पैसे मोजलेले असतात. पुढे गिऱ्हाईक भांडायला येते ते मात्र त्याच्याच दुकानावर. ज्याने मूळ लबाडी केली तो मोकळा राहतो आणि पत जाते ती आपल्या माणसाची.

कायदा काय म्हणतो?

‘मीटर मागे करू नका, असे मोटार कायद्यात कुठे लिहिले आहे?’ असे काही जण विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ यात या कामाचे नाव घेऊन शिक्षा सांगणारे कलम नाही, हे खरे. पण त्यावरून हे काम कायदेशीर ठरते असे समजणे म्हणजे, तराजूखाली लोहचुंबक लावू नये असे पाटीवर लिहिले नव्हते, म्हणून लावला, असे म्हणण्यासारखे आहे.

खोटा आकडा दाखवून जास्त किंमत घेणे ही सरळ फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे. त्याच कलमात स्पष्ट केले आहे की, बेइमानीने वस्तुस्थिती लपवणे हीसुद्धा फसवणूकच. साध्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फसवून माल अगर पैसा द्यायला लावला असेल तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ज्याला लोक आजही ‘चारसोबीस’ म्हणतात, ते हेच. जुलै २०२४ पूर्वीच्या व्यवहारांना जुन्या संहितेचे कलम ४२० लागू होते.

दिवाणी बाजूही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट खटपट करून दडवणे म्हणजे लबाडी आणि लबाडीने मिळवलेली संमती रद्द करण्याचा हक्क कलम १९ ने समोरच्याला दिला आहे. म्हणजे गिऱ्हाईक सौदा मोडून पैसे परत मागू शकते. पुष्कळ व्यापारी पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ असे लिहून घेतात आणि निर्धास्त होतात. ही सही नेहमीच्या झीज-तुटीपुरती कामाची आहे. जाणूनबुजून फिरवलेल्या मीटरवर तिचे पांघरूण पुरत नाही.

तिसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. व्यापाऱ्याकडून गाडी घेतलेल्या माणसाला दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. गाडी पुण्यात घेतली असली तरी घेणारा कर्जतला राहत असेल, तर तो आपल्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीला लागतो. म्हणजे एकच टॅक्सी घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याला हे दार उघडे आहे. मात्र व्यवहार दोन खासगी माणसांतला असेल, मध्ये व्यापारी नसेल, तर आयोगाकडे जाता येत नाही. तिथे पोलीस किंवा दिवाणी कोर्ट हाच रस्ता.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार नोंदणी झालेल्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे आहे. गाडी त्याच्या ताब्यात आल्याचे रीतसर कळवायचे आहे. ताब्यात असताना गाडी कुठे, कशासाठी, कोणी आणि किती चालवली, याची नोंदवहीही संगणकावर ठेवायची आहे. या नियमांचा पुष्कळांना त्रास वाटतो. आम्हाला वाटते, सचोटीने धंदा करणाऱ्याला याचा फायदाच आहे. त्याची नोंदवही हीच त्याची साक्षीदार होईल.

‘मी तर फक्त आकडा बदलतो’

आता त्या तरुण कारागिराच्या सवालाकडे येऊ. गाडी विकणारा वेगळा, मग माझा गुन्हा काय? न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये अपप्रेरणेची व्याख्या आहे. गुन्ह्याला जाणूनबुजून मदत करणारा तिच्यात येतो आणि त्या मदतीने गुन्हा घडला तर कलम ४९ प्रमाणे त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होऊ शकते. गाडी विकायची आहे आणि त्यासाठी आकडा कमी करायचा आहे, हे ठाऊक असताना ज्याने हात चालवला, त्याला ‘मला काय माहीत’ म्हणता येणार नाही. विकायच्या गाडीचे मीटर दुसऱ्या कशासाठी मागे करतात?

हिशोबही पाहा. समजा, आकडा निम्मा केल्याने गाडीची किंमत साठ-सत्तर हजारांनी वाढली. ती रक्कम विकणाऱ्याच्या खिशात गेली. कारागिराला काय मिळाले? हजार-दोन हजार. प्रकरण पोलिसांत गेले की विकणारा पहिले नाव कोणाचे घेईल? गॅरेजवाल्याचे. यंत्र त्याच्या दुकानात सापडेल, काम त्याच्या हातचे असेल. मोठा फायदा एकाचा, लहान मजुरी दुसऱ्याची आणि जोखीम दोघांना सारखी. असला सौदा कोणत्याही शहाण्या कारागिराने करू नये.

आणि ‘मी नाही केले तर दुसरा करेल’ याचे काय? दुसरा करेल, हे खरे असू शकेल. पण उद्या तो दुसरा पकडला जाईल तेव्हा आपल्यावर जप्ती येणार नाही, हेही तितकेच खरे.

एक भेद मात्र नीट समजून घ्यावा. मीटरला हात लावणे हाच गुन्हा, असे आमचे म्हणणे नाही. पावसाचे पाणी शिरून मीटर जळते, उंदीर वायरी कुरतडतात, अपघातात मीटर फुटते. तेव्हा दुसरे मीटर बसवावे लागते आणि त्यावर जुना खरा आकडा चढवणे हे योग्य काम आहे. अमेरिकेच्या कायद्यात यासाठी चांगली तरतूद आहे. दुरुस्तीनंतर आकडा पूर्वीइतकाच ठेवावा आणि ते शक्य नसेल तर मीटर शून्यावर आणून, जुना आकडा व तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी. आपल्या कारागिरांनी हीच पद्धत घ्यावी. मीटर बदलले तर जॉब कार्डवर गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहावे, मालकाची सही घ्यावी आणि मोबाइलवर दोन्ही मीटरांचा फोटो ठेवावा. असा कारागीर कोर्टातही ताठ मानेने उभा राहील.

आकडा पुढेही नेला जातो

मीटर मागे करणाऱ्यांची चर्चा होते, पण पुढे नेणारेही आहेत. कारखान्यांना, ठेकेदारांना, कार्यालयांना किलोमीटरच्या दराने गाड्या लावल्या जातात. लॉगबुकात मीटरचा आकडा भरायचा आणि महिन्याअखेर बिल काढायचे. इथे आकडा फुगवला तर न चाललेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. नोकरीवरचा ड्रायव्हर मालकाला न विचारता असे करील, तर फसवणुकीबरोबरच माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ व ६६ चा प्रश्नही उभा राहू शकतो, कारण तिथे दुसऱ्याच्या यंत्रातील माहिती परवानगीविना बदलण्याची बाब येते. आता तर गाड्यांना जीपीएस असते. मीटर दोनशे सांगते आणि जीपीएस एकशे तीस, हे समोरच्या कंपनीला बसल्या जागी दिसते. एक फुगवलेले बिल पकडले गेले की त्या कंपनीचे फाटक आपल्या दहा गाडीवाल्यांना बंद होते. विम्यातही हाच धोका आहे. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामकाने ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ अशा योजनांना मोकळीक दिली. तिथे मीटरमध्ये लबाडी आढळली तर ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

बाहेर काय केले गेले?

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेने मीटर फिरवण्याविरुद्ध केंद्रीय कायदा १९७२ मध्येच केला. तिथे १९८७ मध्ये क्रायस्लर या बड्या कंपनीवर खटला भरला गेला. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटर सोडवून वापरत आणि मग त्या नव्या म्हणून विकल्या जात, असा आरोप होता. कंपनीचे अध्यक्ष ली आयाकोका यांना लोकांपुढे येऊन चूक कबूल करावी लागली. जर्मनीने २००५ मध्ये मीटर फिरवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद ठेवली. बेल्जियमने २००६ च्या अखेरीस सोपा उपाय केला. गाडी कुठल्याही गॅरेजात गेली की गॅरेजवाल्याने किलोमीटर मध्यवर्ती नोंदीत कळवायचे आणि विकताना त्या सगळ्या आकड्यांचा दाखला खरेदीदाराला द्यायचा. हा दाखला सक्तीचा झाल्यावर तिथली ही लबाडी झपाट्याने घटली. म्हणजे पोलिसांपेक्षा वहीने जास्त काम केले.

आपल्या सरकारनेही हे करावे, अशी आमची मागणी आहे. विमा, पीयूसी आणि नाव बदलण्याच्या वेळी मीटरचा आकडा ‘वाहन’ संगणकात नोंदवावा आणि तो खरेदीदाराला पाहता यावा. फार खर्चाचे हे काम नाही.

जुना धडा

कायदा उद्या येईल तेव्हा येईल. बाजाराचा नियम आपल्याकडे फार आधीपासून आहे. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की, बैल घेताना शेतकरी आधी त्याचे तोंड उघडून दात मोजतो. दुदाती, चौदाती, सहादाती की जुळलेला, यावर किंमत ठरते. दात हेच जनावराचे मीटर. म्हैस विकणाऱ्या लबाडांची एक चाल होती: बाजाराच्या आधी एक-दोन दिवस दूध काढायचे नाही, म्हणजे कास भरलेली दिसते आणि घेणाऱ्याला वाटते, दूध भरपूर आहे. हीच चाल अरबस्तानात उंट आणि बकऱ्यांच्या बाजारात होती. पैगंबर साहेबांनी, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, ती साफ मना केली आणि अशा जनावराचे दूध काढून पाहिल्यावर ते ठेवण्याचा किंवा काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर देऊन जनावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आले आहे. ऐब लपवलेला माल परत करण्याचा हा हक्क फिकहमध्ये ‘खियारे ऐब’ म्हणून ओळखला जातो. मागे फिरवलेले मीटर म्हणजे दूध न काढता भरलेली कासच. यात मुफ्ती साहेबांना वेगळे विचारण्याजोगे काही उरते, असे आम्हाला वाटत नाही.

घेणाऱ्याने काय पाहावे?

मीटर शेवटी वाचावे, आधी गाडी वाचावी. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची कातडी, गिअरचा दांडा, ड्रायव्हरच्या सीटची बाजू, या गोष्टी वयाप्रमाणे झिजतात. पन्नास हजार चाललेल्या गाडीचे पेडल गुळगुळीत कसे, किंवा जुन्या गाडीत पेडलचे रबर आणि सीट कव्हर तेवढे नवेकोरे कसे, हे विचारावे. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चाळीस हजारांत तिसरा टायरसंच लागला असेल तर काहीतरी गडबड आहे.

कागद पाहावेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदले जातात. मालकाला घेऊन जाऊन ती नोंद मागावी. विम्याचा दावा झाला असेल तर सर्व्हेअरच्या अहवालात आकडा असतो. फास्टॅगचा हिशोब मागावा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे आणि आपल्या द्रुतगती मार्गावरही तो चालतो. हा मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा आहे. समजा, कळंबोलीहून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या वर्षभरात जाऊन-येऊन दीडशे खेपा फास्टॅगवर दिसतात. म्हणजे एकट्या त्या रस्त्यावर अठ्ठावीस हजारांहून अधिक किलोमीटर झाले. मीटर मात्र वर्षाला आठ हजार सांगते. मीटरला फिरवता येते, खालापूरच्या टोलनाक्याला नाही. विकणारा हे कागद दाखवायला टाळत असेल तर तेच उत्तर समजावे.

फसवणूक झालीच तर भांडत बसू नये. गाडी ताब्यात घेताना मीटरचा फोटो आणि पावतीवर लिहिलेला आकडा या दोन वस्तू जपाव्यात. वर्कशॉपचा लेखी अहवाल घ्यावा आणि विकणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपण काय करावे?

आमच्या व्यापारी बांधवांना आमची सूचना साधी आहे. उद्यापासून प्रत्येक विक्री पावतीवर एक ओळ जास्त लिहा: ताबा देतेवेळी मीटरचा आकडा अमुक. आणि त्यापुढे तीनपैकी एक शब्द: खरा, बदललेला, किंवा खात्री नाही. ‘खात्री नाही’ लिहायला लाज वाटू नये. माहीत नसलेले माहीत नाही म्हणून सांगणे हीही सचोटीच. गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते, पण जास्त चाललेली गाडी नेहमी वाईट असते असे नाही. महामार्गावर सरळ धावलेली आणि वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली दीड लाखांची गाडी, गावात आणि घाटात दामटलेल्या सत्तर हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. हे गिऱ्हाईकाला समजावून सांगणे, कागद दाखवणे आणि रास्त भाव सांगणे हेच तर व्यापाऱ्याचे कसब. खरा आकडा सांगणारे दुकान म्हणून एकदा नाव झाले की पनवेलचा माणूसही ते शोधत येतो.

आणि कारागिरांसाठी आपण सगळ्यांनी काही करायला हवे. त्या मुलाकडे आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो आणि वर लिहिलेले त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘ते गृहस्थ परत आले होते, चाचा. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांची बाकीची कामंपण गेली. गाळ्याचं भाडं तर द्यायचंच आहे.’ यावर आमच्याकडे देण्यासारखा उपदेश नव्हता. आमच्या गाडीचे राहिलेले काम आणि ओळखीच्या दोन गाड्या आम्ही त्याच्याकडे पाठवल्या. आमच्या हातात तेवढेच होते.

वाचक बंधूंनो, ‘नाही’ म्हणणाऱ्याचा चूल-खर्च चालला पाहिजे, तरच बाजारात ‘नाही’ म्हणणारे टिकतील. आपल्या गावात असा एखादा कारागीर असेल तर त्याला काम द्या आणि चार माणसांना त्याचे नाव सांगा. मीटर मागे फिरवून मिळालेला पैसा महिन्याभरात संपतो. एका गाडीपायी गेलेली पत परत यायला एक पिढी लागते. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.